दुसऱ्याच्या राष्ट्रीय दिनी आपण कुठे उभे राहावे?

जून उजाडला की फ्रान्समधून येणाऱ्या पत्रांमध्ये १४ जुलैचा, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय दिनाचा, विषय हमखास येतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकमेकांना धरून आहेत, म्हणून या महिन्याचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : नोकरीच्या निमित्ताने मी पॅरिसमध्ये एकटाच राहतो. गेल्या वर्षी १४ जुलैचे संचलन पाहण्यासाठी सकाळी हौसेने बाहेर पडलो, तर जवळची मेट्रो स्थानके बंद, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी लोखंडी कठडे आणि पिशव्यांची झडती. शाँझेलिझे या हमरस्त्यावर पोहोचेपर्यंत माझ्यापुढे माणसांच्या कितीतरी रांगा लागल्या होत्या. विमानांनी आकाशात सोडलेला निळा, पांढरा आणि तांबडा धूर तेवढा दिसला. राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा आपण काय करावे, हेही कळेना. भलत्याच लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखे वाटून मी घरी परतलो आणि रात्री खिडकीत बसून आतषबाजीचे नुसते आवाज ऐकले. यंदा हा दिवस सरळ घरात घालवावा, की त्यात माझ्यासारख्या परक्या माणसालाही काही जागा आहे?

उत्तर : घरात बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपण ज्या दाराने या दिवसात शिरू पाहिले, ते दार नवख्या माणसासाठी सर्वांत अवघड होते. शाँझेलिझेवरील संचलन हा शासनाचा सोहळा आहे. विजयकमानीपासून निघालेले सैन्य प्लास द ला कॉन्कॉर्द या चौकातील मंचावर बसलेल्या राष्ट्राध्यक्षांसमोर येते, आणि दुतर्फा उभ्या असलेल्या माणसाने ते पाहावे आणि टाळ्या वाजवाव्यात, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. जन्माने फ्रेंच असलेला माणूसही तिथे प्रेक्षकच असतो, आणि पुष्कळ पॅरिसकर तर हे संचलन घरी दूरचित्रवाणीवरच पाहतात. मागच्या रांगेत आपल्याला जे परकेपण जाणवले, त्याचा बराचसा भाग गर्दीने दिलेला होता, असे मला वाटते.

हा दिवस आतून पाहायचा असेल, तर आदल्या रात्रीपासून सुरुवात करावी आणि आपल्या वस्तीतील अग्निशमन केंद्राकडे जावे. १३ आणि १४ जुलैच्या रात्री पॅरिसमधील अनेक केंद्रे नागरिकांसाठी आपली दारे उघडतात आणि अंगणात पहाटेपर्यंत नाच चालतो. प्रत्येक केंद्रात हा कार्यक्रम नसतो आणि काही ठिकाणी तो दोनपैकी एकाच रात्री असतो, त्यामुळे अग्निशमन दल जाहीर करीत असलेली यादी आधी पाहून घ्यावी. १९३७ साली पॅरिसच्या मोंमार्त्र भागातील केंद्राचे जवान संचलन आटोपून परतत असताना काही लोक त्यांच्या मागोमाग चालत आले, जवानांनी त्यांना आत घेऊन कसरती करून दाखवल्या आणि तेव्हापासून ही प्रथा पडली, असे सांगतात. पॅरिसचे अग्निशमन दल हे लष्कराचाच भाग आहे. १८१० साली ऑस्ट्रियाच्या राजदूताने दिलेल्या नृत्यसमारंभात भीषण आग लागून माणसे दगावली, आणि त्यानंतरच्या वर्षी नेपोलियनने शहराची आग विझवण्याचे काम लष्करी तुकडीकडे सोपवले. १४ तारखेला सकाळी ज्या दलाच्या लाल गाड्या शाँझेलिझेवरून जातात, त्याच दलाचे जवान रात्री आपल्या अंगणात लोकांना पेये वाढत असतात.

रात्री नऊच्या सुमारास दारे उघडतात तेव्हा जुलैतला सूर्य अजून मावळलेला नसतो. आगीचे बंब एका कडेला लावून अंगण मोकळे केलेले असते आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिव्यांच्या आणि तिरंगी पताकांच्या माळा ताणलेल्या असतात. बऱ्याच केंद्रांत प्रवेशद्वारापाशी एक पिंप ठेवलेले असते आणि येणारा प्रत्येक जण आपल्या ऐपतीप्रमाणे त्यात काही युरो टाकतो. काही केंद्रांत ठरावीक तिकीट असते. हा पैसा जवानांच्या आणि केंद्राच्या गरजांसाठी खर्च होतो. आत गेल्यावर समोरच्या इमारतीतील आजी, रोज सकाळी ज्याच्याकडून आपण पाव घेतो तो बेकरीवाला, लेकराला खांद्यावर बसवलेला बाप आणि नुकतेच शहरात आलेले विद्यार्थी, असे सगळे एकाच अंगणात भेटतात. नाचता आले नाही तरी बिघडत नाही. कडेला पेला हातात धरून उभे राहणारे अर्धेअधिक असतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला मोडकी फ्रेंचही पुरते.

ही जागा मी मुद्दाम सुचवीत आहे, कारण येथे आपला यजमानांशी असलेला संबंध खरा आहे आणि तो आधीपासूनच आहे. आपल्या स्वयंपाकघरात आग लागली किंवा जिन्यात कोणी कोसळले, तर १८ क्रमांक फिरवल्यावर धावून येणारी माणसे हीच असतात, आणि आपले पारपत्र कोणत्या देशाचे आहे, हे ती विचारीत नाहीत. देशाशी नाते जुळायला कदाचित बरीच वर्षे लागतील, कदाचित ते जुळणारही नाही. परंतु ज्या वस्तीत आपण भाडे भरतो आणि ज्या गल्लीतून रोज कामावर जातो, त्या वस्तीचे आपण आजच रहिवासी आहोत. राष्ट्रीय सणाच्या दिवशी परक्या माणसाने या नात्यावर भर द्यावा, असे मी फ्रान्समध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगते.

दुसरी गोष्ट इतिहासाची. १४ जुलै म्हणजे बास्तीयचा तुरुंग फोडल्याचा दिवस, एवढे आपण शाळेत शिकलो, आणि १७८९ सालची ती घटना खरीच आहे. पण १८८० साली बेंजामिन रास्पाय यांच्या प्रस्तावावरून जेव्हा हा दिवस राष्ट्रीय दिन म्हणून कायद्याने ठरला, तेव्हा त्या कायद्यात वर्षाचा उल्लेखच केला गेला नाही. तुरुंगावरचा हल्ला आणि त्या दिवशी सांडलेले रक्त अनेक प्रतिनिधींना नकोसे वाटत होते. सिनेटमधील चर्चेत आँरी मार्तें यांनी त्यांना १४ जुलै १७९० ची आठवण करून दिली. त्या दिवशी शाँ द मार्सच्या मैदानावर देशभरातून आलेल्या लोकांनी भर पावसात एकत्र शपथ घेतली होती, आणि राजानेही घेतली होती. त्या समारंभासाठी मैदान वेळेत तयार होईना, तेव्हा पॅरिसचे सर्व थरांतील लोक स्वतः फावडी आणि ढकलगाड्या घेऊन माती उपसायला आले होते. पुढे अडीच वर्षांनी, जानेवारी १७९३ मध्ये, त्याच सोळाव्या लुईचा आज राष्ट्राध्यक्षांचा मंच जिथे उभारतात त्या चौकात शिरच्छेद झाला. म्हणजे ज्यांचा हा सण आहे, त्यांनाही आपण नेमके काय साजरे करतो यावर वाद घालावा लागला आणि दोन्ही बाजूंना सामावून घेणारे शब्द शोधावे लागले. या दिवसाबद्दल प्रश्न मनात येणे हा परकेपणाचा दोष नाही. हे प्रश्न त्या सणाच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहेत.

संचलन पुन्हा पाहायचेच असेल, तर ते जरूर पाहावे, आणि शेवटपर्यंत थांबावे. पायदळाच्या तुकड्यांत अखेरीकडे परदेशी सैनिकांची फलटण येते. १८३१ साली स्थापन झालेल्या या फलटणीत शंभराहून अधिक देशांतून आलेले सैनिक फ्रान्ससाठी लढतात. इतर तुकड्या मिनिटाला १२० पावले टाकीत जातात, ही फलटण मात्र ८८ पावलांच्या स्वतःच्या संथ चालीने येते. सर्वांत पुढे दाढी राखलेले, चामड्याचे लांब एप्रन बांधलेले आणि खांद्यावर कुऱ्हाड घेतलेले सैनिक असतात, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या टोप्यांच्या रांगा. मंचासमोर आल्यावर इतर तुकड्या दोन बाजूंना विभागल्या जातात, ही फलटण फुटत नाही. गर्दीतून तिला मिळणाऱ्या टाळ्या ऐकण्यासारख्या असतात. फ्रान्सच्या सर्वांत मोठ्या राष्ट्रीय सोहळ्यात परदेशी माणसांसाठी इतक्या टाळ्या वाजतात, ही गोष्ट आपल्यासारख्याने जवळून पाहावी अशी आहे.

केवळ विमाने पाहायची असतील, तर शाँझेलिझेवर जाण्याचे कारणच नाही. ती पश्चिमेकडून, ला देफाँसच्या उंच इमारतींवरून सरळ रेषेत येतात. त्या बाजूला मोकळ्या जागेत उभे राहिले, तर मान वर करताच सारा ताफा नीट दिसतो.

राष्ट्रगीताबद्दल आपण विचारले आहे. ते सुरू झाले की स्वस्थ उभे राहावे, टोपी असल्यास काढावी, बोलणे आणि फोन थांबवावा. गाणे आपल्यावर बंधनकारक नाही, आणि गाणे म्हटले म्हणून आपल्या देशाशी प्रतारणाही होत नाही. शासकीय कार्यक्रमात राष्ट्रगीताची किंवा ध्वजाची जाहीर विटंबना करणे हा २००३ पासून दंडनीय गुन्हा आहे, परंतु मौन पाळणे म्हणजे विटंबना नव्हे. मार्सेयेझ हे फ्रान्सचे राष्ट्रगीत म्हणजे १७९२ साली युद्धाच्या तोंडावर लिहिलेले रणगीत आहे, आणि त्यातल्या शत्रूच्या अशुद्ध रक्ताने शेताच्या सऱ्या भिजवण्याच्या ओळीवर खुद्द फ्रान्समध्येही वाद होत आले आहेत. शब्द मनाला पटेपर्यंत ते ओठांवर आणू नयेत, पण ज्यांना ते प्रिय आहेत त्यांच्याशेजारी आदराने उभे राहावे.

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिचा जन्म इथलाच आहे. "आई, आपला स्वातंत्र्यदिन चौदा जुलैला की पंधरा ऑगस्टला?" असे तिने विचारले तेव्हा मला पटकन उत्तर देता आले नाही. तिचे बाबा म्हणतात, उगाच तिच्या डोक्यात गोंधळ नको, आपण पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन करतो तेवढे पुरे. पण ती ज्या शहरात वाढते आहे, त्याचा सण तिच्यापासून दूर ठेवणे मला पटत नाही.

उत्तर : आपल्याला पटत नाही ते योग्यच आहे, आणि मुलीच्या वडिलांना वाटणारी गोंधळाची काळजीही अनाठायी नाही, फक्त तो गोंधळ सण दूर ठेवून मिटणार नाही, नीट समजावून सांगितल्याने मिटेल. पहिली गोष्ट तिला ही सांगावी की १४ जुलै हा स्वातंत्र्यदिन नाही. फ्रान्स त्या दिवशी कोणा परकीय सत्तेच्या अमलाखालून सुटला नव्हता. तिथल्या लोकांनी आपल्याच राजाच्या मनमानीविरुद्ध उभे राहून सत्ता कोणाची असावी, हा प्रश्न विचारला होता. भारतीय दिनदर्शिकेत त्याच्याशी अधिक जुळणारा दिवस शोधायचा झाला, तर तो २६ जानेवारी होय. राजधानीतील भव्य संचलन आणि दर वर्षी बोलावले जाणारे परदेशी पाहुणे, हे दोन्हीकडे सारखेच आहे. एवढे कळले, की दोनपैकी एक निवडण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण ते दोन दिवस एकाच प्रश्नाची दोन उत्तरे नाहीत.

दुसरी अडचण आपल्या पत्रात लिहिलेली नाही, पण ती मला त्यामागे दिसते. आपल्याला राष्ट्रीय सण शाळेतून मिळाला. इस्त्री केलेला गणवेश, सकाळचे झेंडावंदन, मुख्याध्यापकांचे भाषण आणि हातावर पडणारा खाऊ, यातून तो दिवस आपल्या अंगात मुरला. फ्रान्समध्ये जुलैच्या पहिल्या आठवड्यातच शाळांना उन्हाळ्याची सुटी लागते, त्यामुळे १४ जुलैला मुलांचा शाळेत काही कार्यक्रम नसतो. तिथली मुले हा दिवस घरच्या मोठ्यांबरोबर रस्त्यावर, मैदानात आणि आतषबाजी पाहताना शिकतात. म्हणजे हे काम शाळा करील, अशी वाट पाहत बसलो, तर ते होणारच नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

त्या दिवशी सकाळी तिला बास्तीयच्या चौकात न्यावे. किल्ला दिसेल, अशी तिची अपेक्षा असेल, म्हणून आधीच सांगून ठेवावे की तो पाडून टाकला गेला आणि चौकात उभा असलेला उंच स्तंभ १८३० च्या क्रांतीचा आहे, १७८९ च्या नव्हे. मोठी माणसेही तिथे चुकीच्या स्तंभासमोर भक्तिभावाने छायाचित्रे काढतात. मग तिला खाली पाहायला लावावे: रस्त्याच्या फरसबंदीत वेगळ्या दगडांनी जुन्या किल्ल्याची बाह्यरेषा आखलेली आहे. मेट्रोच्या ५ क्रमांकाच्या मार्गावरील फलाटाशी खंदकाच्या भिंतीचा तुकडा जपला आहे, आणि नदीच्या बाजूला थोडे चालत गेले, की आँरी गाली या लहानशा बागेत एका बुरुजाच्या पायाचे दगड मांडून ठेवलेले आहेत. एवढ्या मोठ्या तुरुंगात हल्ल्याच्या दिवशी फक्त ७ कैदी होते, हे ऐकून ती नक्कीच "मग फोडला कशाला?" असे विचारील. या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नका. राजाच्या नुसत्या सहीच्या पत्राने, चौकशीशिवाय माणसाला जिथे डांबता येत असे, त्या जागेची भीती सात जणांपुरती नव्हती, आणि त्या दिवशी लोकांना तिथला दारूगोळाही हवा होता, हे नऊ वर्षांच्या मुलीला समजते.

भारताचा धागाही या दिवसात आहे, आणि तो तिच्या हाती द्यावा. पहिल्या महायुद्धात, १९१६ सालच्या १४ जुलैला, पॅरिसच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका भारतीय जवानाच्या छातीवर एक फ्रेंच स्त्री फूल लावते आहे, असे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. ते तिला दाखवावे. २००९ साली भारताचे पंतप्रधान प्रमुख पाहुणे असताना मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान शाँझेलिझेवरून चालत गेले, २०२३ साली पंजाब रेजिमेंटचे जवान गेले, आणि मधल्या काळात, २०१६ सालच्या २६ जानेवारीला, फ्रेंच सैन्याच्या तुकडीने दिल्लीत राजपथावर संचलन केले. सुटीत उत्तरेकडे जाणे जमले, तर लीलजवळच्या नव्ह-शापेल या गावी जाऊन यावे. मार्च १९१५ मध्ये तिथे झालेल्या लढाईत भारतीय सैनिक मोठ्या संख्येने पडले. तिथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकाच्या भिंतीवर, या आघाडीवर मारल्या गेलेल्या आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा साडेचार हजारांहून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. स्तंभाच्या माथ्यावर कमळ आहे आणि पायथ्याशी दगडी वाघ आहेत. पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर उभी राहणारी मुलगी ही नावे वाचील, तेव्हा दोन्ही देश तिच्यासाठी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणार नाहीत.

नागरिकत्वाचा विषय मात्र या सणाच्या बोलण्यात आणू नये. तो कागदपत्रांचा आणि पुढच्या निर्णयांचा भाग आहे, आणि त्याचे ओझे नऊ वर्षांच्या मुलीच्या प्रश्नावर टाकणे बरे नव्हे.

प्रश्न : जुलैत माझे आई-वडील आमच्याकडे पॅरिसला येणार आहेत. दोघेही सत्तरीपुढचे आहेत. त्यांना आयफेल टॉवरची आतषबाजी दाखवायची फार इच्छा आहे, परंतु २०१६ साली नीसमध्ये जे घडले त्यानंतर गर्दीत जायची मला भीती वाटते.

उत्तर : आपली भीती खोटी नाही. १४ जुलै २०१६ च्या रात्री नीसच्या समुद्रकिनाऱ्यावर आतषबाजी पाहून परतणाऱ्या लोकांवर ट्रक घातला गेला आणि ८६ जण मारले गेले. त्यांत फ्रेंच नागरिकांबरोबर अनेक देशांची माणसे होती. आज पॅरिसमध्ये जे कठडे, जी झडती आणि जी बंद स्थानके आपल्याला जाचक वाटतात, त्यांच्यामागे अशा घटनांचा अनुभव आहे. पोलिसांनी आखलेल्या वाटेने जावे, काचेच्या बाटल्या आणि मोठ्या पिशव्या नेऊ नयेत, आणि माणसे चुकली तर कुठे भेटायचे ते आधी ठरवावे.

तरीही आई-वडिलांना टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या शाँ द मार्सच्या मैदानावर नेऊ नये, असाच सल्ला मी देईन, आणि तो भीतीपोटी नाही. जुलैत तिथे पूर्ण अंधार व्हायला उशीर लागतो, त्यामुळे आतषबाजी रात्री अकराच्या सुमारास सुरू होते आणि सुमारे अर्धा तास चालते. चांगली जागा मिळावी म्हणून लोक दुपारपासून गवतावर बसून असतात. सत्तरीतल्या माणसांना इतका वेळ खुर्चीशिवाय बसवत नाही. कार्यक्रम संपल्यावर जवळची स्थानके बंद असतात आणि सारी गर्दी एकाच वेळी पायी निघते. त्यापेक्षा शहराच्या ईशान्येकडील बेलव्हिल बागेच्या वरच्या अंगाला जावे. तिथून टॉवर दूर दिसतो, पण पूर्ण दिसतो, खाली सारे शहर पसरलेले असते आणि वस्तीतील कुटुंबे आपापली शिदोरी घेऊन आलेली असतात. बसायला घडीच्या खुर्च्या आणि अंगावर एखादी शाल न्यावी, कारण टेकडीवर रात्री गार वारा असतो, आणि टेकडीच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून उताराच्या वरच्या रस्त्याने, पिरेनीज मेट्रो स्थानकाच्या बाजूने यावे.

तेवढीही दगदग नको असेल, तर त्याच रात्री शाँ द मार्सवर वाद्यवृंदाची मोठी मैफल होते. २०१३ पासून सुरू झालेली ही मैफल आणि तिच्यामागोमाग होणारी आतषबाजी दूरचित्रवाणीवर थेट दाखवतात. शेजारच्या घरातील कोणाला आपल्याबरोबर ती पाहायला बोलवावे. आपल्या आई-वडिलांना फ्रेंच येत नसले तरी पाहुण्याला बसवून खाऊ घालणे त्यांना येते, आणि शेजाऱ्यालाही त्या दिवशी आपल्या देशाविषयी कोणी विचारले, तर सांगण्यासारखे पुष्कळ असते.